हाताची तारीख

मी एलिशा मकासरे, निवृत्त मुख्याध्यापक, वय वर्षं ब्याऐंशी, रोज न चुकता रोजनिशी लिहिणारा माणूस. यातली शेवटची गोष्ट मी लोकांना गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा सांगितली आहे. संगमनेरात आमच्या चर्चमध्ये नवीन पाळकसाहेब आले की त्यांना माझं कपाट बघायला यावंच लागतं. १९८४ पासून दर वर्षाची एक, अशा साठ वह्या. आणि खालच्या खणात, फडक्यात गुंडाळलेली एकसष्टावी. तिला घरात सगळे 'शनिवारची वही' म्हणतात.

ही गोष्ट त्या एकसष्टाव्या वहीची आहे. ती सांगताना मला लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच सांगतो आहे.

माझे वडील, अण्णा, प्रवरेकाठच्या आमच्या गावात चर्चची घंटा वाजवायचे. चाळीस वर्षं त्यांनी ते काम केलं. शेवटची सव्वादोन वर्षं त्यांची स्मृती गेली होती. माझी थोरली बहीण मार्था, आमची ताई, नर्स होती. तिने नोकरी सोडली आणि अण्णांना सांभाळलं. मी संगमनेरात होतो, चाळीस किलोमीटरवर. मी दर शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर गावी जायचो, अण्णांजवळ बसून स्तोत्रं वाचायचो, आणि शेवटच्या शनिवारी त्यांनी माझा हात धरून, सगळं विसरलेल्या त्या माणसाने, एक अख्खं स्तोत्र म्हटलं आणि डोळे मिटले. शनिवारच्या वहीत हे सगळं आहे. एकशे बारा शनिवार. दर मार्चमध्ये अण्णांच्या स्मरणसभेला त्यातली चार पानं वाचली जातात. आमच्यात त्याला साक्ष म्हणतात. स्वतः पाहिलेलं, अनुभवलेलं चारचौघांत सांगायचं, ती साक्ष. गेली तेहतीस वर्षं मी ती देत आलो आहे.

माझी नात सुवार्ता यंदा स्मरणसभेच्या तीन दिवस आधी आली ती एक यंत्र घेऊनच. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करते. यंत्र दिसायला अगदीच साधं होतं, पोळपाटाएवढं, वर काचेचं झाकण.

"आजोबा, याचं नाव उमटवाचक," ती म्हणाली. "आणि पहिलं अख्खं घराणं मी आपलंच वाचणार आहे. सगळ्या वह्या काढा."

मी खूश झालो. कपाटाची किल्ली शोधायला मला चष्मासुद्धा लागला नाही.

तिने समजावून सांगितलं ते असं. आपण बॉलपेनने लिहितो तेव्हा कागदावर नुसती शाई उमटत नाही, बारीक चर पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही. हे यंत्र शेकडो बाजूंनी तिरपा उजेड टाकून प्रत्येक चराची खोली मोजतं. त्यावरून हात कुठे थांबला, कुठे घाईत होता, कधी थकला होता, हे त्याला कळतं. सकाळचा हात वेगळा, जेवणानंतरचा वेगळा. शिवाय पेनच्या टोकाची ती गोळी असते ना, तिच्यावर सूक्ष्म ओरखडे असतात. लिहीत जाऊ तशी ती झिजते. म्हणजे एकाच रिफिलने लिहिलेल्या पानांमध्ये कुठलं पान आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे तिच्या झिजेवरून ओळखता येतं.

"आणि वरच्या पानावर लिहिलेलं खालच्या पानावर दाबलं जातं," ती म्हणाली. "वरचं पान फाडलं तरी खालचं ते विसरत नाही."

मी म्हणालो, "अरे वा."

"म्हणून प्रत्येक नोंदीला आम्ही दोन तारखा देतो. एक पानावरची तारीख, एक हाताची तारीख. माणसाने पानावर काय घातलीय ती, आणि हाताने खरंच कधी लिहिलंय ती."

मग तिने १९९८ची वही लावली. दोन मिनिटांत यंत्राच्या पडद्यावर अक्षरं आली आणि ती हसायला लागली. "आजोबा, नाताळची नोंद तुम्ही नाताळात लिहिलेली नाही. अठ्ठावीस तारखेला लिहिलीय, तीही एका बैठकीत तीन दिवसांची. लबाड."

"पाहुणे होते घरात," मी म्हणालो.

"असू दे हो. सगळेच करतात. पुण्यात एका घरात आजीचं मृत्युपत्र लावलं, तर सही आजीची आणि मजकूर सुनेचा निघाला. दोन भाऊ बोलत नाहीत आता. लोक यंत्राला शिव्या घालतात." तिने वही मिटून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या वह्यांचं मला टेन्शन नाही. रविवारी सभेत मी पडद्यावर शनिवारची वही लावणार आहे. एकशे बारा शनिवार, आणि प्रत्येकाला हाताची तारीख जुळलेली. आपल्या पोरांना कळू दे साक्ष म्हणजे काय असते."

हे ती का बोलली ते मला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी तिची आई गेली, माझी सून. सुवार्ता तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने प्रार्थना सोडली, चर्च सोडलं, आमच्याशी बोलणंही जवळजवळ सोडलं. तेव्हा मी तिला शनिवारच्या वहीची शेवटची चार पानं वाचून दाखवली होती. सगळं विसरलेला माणूस देवाला विसरत नाही, असं मी तिला म्हणालो होतो. ती त्या दिवशी खूप रडली आणि पुढच्या रविवारी माझ्याशेजारी येऊन बसली. "त्या पानांनी मला परत आणलं," असं ती अजूनही लोकांना सांगते.

ती जेवायला बसली तेव्हा मी काय केलं ते सांगतो. मी खालच्या खणातून शनिवारची वही काढली, बनियनच्या आत घातली आणि वरून सदरा चढवला. छत्तीस वर्षं मी मुलांच्या सदऱ्यांतून कॉप्या काढल्या आहेत. वही लपवायची जागा मला पटकन सुचली, यात नवल नाही.

"आजोबा, शनिवारची वही दिसत नाही," दुपारी ती म्हणाली.

"ताईकडे आहे." हे इतकं सहज तोंडातून आलं की मलाच भीती वाटली.

"आत्याआजीकडे? कशी काय?"

"तिला वाचायची होती."

"मग उद्या आपण दोघं जाऊन घेऊन येऊ. मला तसंही त्यांना भेटायचंय." ती पुन्हा १९९८मध्ये डोकं घालून बसली. तिला माझ्यावर शंका घ्यावीशी वाटली नाही. तिने एखादा उलट प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गाडीतून आम्ही गावाला निघालो. गाडी आपली आपण चालत होती, ती मागे बसून यंत्राशी काहीतरी करत होती आणि मी पोटाशी वही धरून उसाचे फड बघत होतो. चाळीस किलोमीटर. पस्तीस मिनिटं लागली. दोन हजार नऊ साली एसटीने सव्वा तास लागायचा. पाच वेळा जाऊन थांबायला तेवढंही कारण मला पुरलं होतं.

पाच नाही, चार वेळा. आता तरी आकडा नीट सांगायला हवा.

खरं असं झालं होतं. मी सुरुवातीला चार शनिवार गेलो. चौथ्या शनिवारी अण्णांनी मला विचारलं, "आपण कोण?" आपण. माझ्या बापाने मला आहोजाहो केलं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "बसा, एलिशा शाळेतून येईलच इतक्यात." मग त्यांनी अंथरूण खराब केलं आणि ताई पाणी घेऊन आली. मी बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो, नाकाला रुमाल लावून. त्यानंतर मी गेलो नाही. बायकोला सांगायचो, गावी जातो. मग शाळेच्या ऑफिसात बसून वेळापत्रकं आखायचो आणि संध्याकाळी दमल्यासारखा घरी यायचो. बायको पाय शेकायला गरम पाणी द्यायची. ती बिचारी हे न कळताच गेली.

शेवटच्या शनिवारी, बारा मार्च दोन हजार अकरा, ताईचे सात फोन आले. फोन टेबलावर होता. मी बघत होतो आणि उचलत नव्हतो. आठव्यांदा मेसेज आला. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा घरात अजून कुणी जमलं नव्हतं. नंतर माणसं आली ती मला अण्णांच्या उशाशी बघतच आली. 'शेवटी मुलगा होता हो जवळ,' असं कुणीतरी म्हणालं. मी नाही म्हणालो नाही. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून वाढलं.

मातीनंतर तीन दिवसांनी मी एक नवी कोरी वही आणली. खरं लिहायचं म्हणूनच आणली होती, हे कुणी मानो न मानो. पहिल्या पानावर खरं लिहिलं. मग ते पान फाडलं, चुलीत घातलं आणि जुनं कॅलेंडर समोर ठेवून शनिवार लिहायला घेतले. चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. बायको दारातून बघायची आणि मला दुःखात लिहू द्यायची.

ताई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. शहाऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली, पण हात अजून नर्सचे, नेमके.

"सलाम, आत्याआजी," सुवार्ता वाकून म्हणाली.

"सलाम, बाई. ये. काय गं, वाळली किती तू. खातीस का नाही तिथं?" मग माझ्याकडे पाहून, "आणि तू रे, असा पोट धरून का उभा? बरं नाही का?"

सुवार्ता गाडीतून यंत्र आणायला गेली. मला तेवढाच वेळ होता.

"ताई, एक काम आहे," मी सदऱ्यातून वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. "ती विचारेल. ही तुझ्याकडे होती म्हणून सांग. आणि भिजली, खराब झाली, यंत्रात घालण्यासारखी राहिली नाही म्हणून सांग."

ताईने वहीकडे पाहिलं. शेंगांची टरफलं झटकून हात पुसला.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. तिने 'का' असं विचारलं नाही, 'कशासाठी' असंही विचारलं नाही. दुकानातून पेंड आणायला सांगावं तसं तिने ते घेतलं. माझ्यासाठी खोटं बोलायची या बाईला सवय आहे, हे तिच्या त्या 'बरं'मध्ये मला ऐकू आलं.

"ताई, तुला माहीत आहे ना यात काय आहे?"

"दरसाल तर वाचतो तू. मी पहिल्या बाकावरच असते."

"तेहतीस वर्षं ऐकतेस. एकदाही बोलली नाहीस."

ताई म्हणाली, "पहिल्या साली ऐकलं तेव्हा मला वाटलं, याला कसं कळलं."

"काय कसं कळलं?"

"अण्णा रोज विचारायचे, एलिशा आला का. तू यायचा बंद झाला तसं जास्तच. जेवण बाजूला सारायचे. मग मी सांगायला लागले, शनिवारी येऊन गेला. तुमच्यापाशी बसला होता, स्तोत्रं वाचली, तुम्हाला डोळा लागला म्हणून उठवलं नाही. मग जेवायचे." तिने एक शेंग फोडली. "दोन वर्षं मी तू आल्याचं सांगत होते. काय घालून आला होता, काय म्हणाला, सगळं. नवं नवं जोडावं लागायचं. आणि मग तू वही वाचली, तर त्यात तेच. मला वाटलं, मी अण्णांसाठी खोटं बोलले ते देवाने याच्या हाताने लिहून घेतलं. म्हणून बोलले नाही."

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"दुसऱ्या साली कळलं," ती म्हणाली, "की तू ते अण्णांसाठी नाही लिहिलं."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला माझ्याजवळ शब्द कमी आहेत, आणि मी मराठीच शिकवत होतो. तिचं खोटं आजारी म्हाताऱ्याच्या घशाखाली दोन घास उतरावेत म्हणून होतं. माझं खोटं मी दर मार्चमध्ये हार घालून घ्यावा म्हणून होतं. आणि माझं ऐकायला ती पहिल्या बाकावर बसत होती.

सुवार्ता यंत्र घेऊन ओट्यावर आली. "मिळाली का वही?"

ताई म्हणाली, "अगं, ती भिजली ना पावसात..."

"नाही भिजली," मी म्हणालो. "ताईकडे नव्हतीच ती. माझ्याकडे होती. मी लपवली होती. घे. लाव."

सुवार्ता हसली. तिला वाटलं, काहीतरी गंमत असेल. तिने वही काचेखाली ठेवली आणि पानं उलटत गेली, एकेक करून. दहा मिनिटं लागली. ताईने शेंगा फोडणं थांबवलं नाही.

पडद्यावर रांगा उमटल्या. डावीकडे पानावरची तारीख, उजवीकडे हाताची तारीख. डावीकडे सव्वादोन वर्षं खाली खाली जात होती. उजवीकडे सगळीकडे मार्च २०११. तिने कालच घातलेली त्या सालची रोजनिशी यंत्राने ताडून पाहिली होती. रिफिल एकच, गोळीची झीज सलग. सोळा मार्च ते एकोणीस मार्च. एकशे बारा शनिवार, चार दिवसांत.

"काहीतरी चुकलंय," सुवार्ता म्हणाली आणि यंत्राची दोन बटणं पुन्हा दाबली. रांगा तशाच आल्या.

"नाही चुकलं," मी म्हणालो. "पहिल्या पानावर शाईखालचं बघ. दाबलेलं."

तिला बघायचं नव्हतं, हे तिच्या हातांवरून दिसत होतं. तरी तिने बघितलं. मी जाळलेलं पान पडद्यावर हळूहळू राखाडी अक्षरांत वर आलं. माझंच अक्षर, वळणदार. तिने सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'आज लिहितो ते खरं. शनिवारी ताईने सात वेळा फोन केला. मी ऑफिसात होतो. उचलला नाही. मला पुन्हा आपण कोण हे ऐकायचं नव्हतं. मी एकूण चार वेळा गेलो. मला त्यांच्या अंगाचा...'" ती थांबली. उरलेलं तिने मनात वाचलं.

नदीपलीकडच्या कारखान्याचा भोंगा झाला. ताईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"आईच्या वेळी," सुवार्ता म्हणाली, माझ्याकडे न बघता, "तुम्ही मला याच वहीतली पानं वाचून दाखवलीत."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, हे खरंच झालं का. आठवतं?"

"आठवतं."

"तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, मी साक्षीदार आहे."

मी मान हलवली. माफ कर म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते म्हणणंसुद्धा मला स्वतःसाठी काहीतरी मागितल्यासारखं वाटलं. म्हणून तेही म्हटलं नाही.

ती उठून मागच्या दारी गेली. हापसा दोन-तीनदा वाजला. बराच वेळ ती आली नाही. मला वाटलं, ही आता गाडीत बसून निघून जाईल, आणि पुन्हा तेच सुरू होईल. चर्च सुटेल, आम्ही सुटू. या वेळी परत आणायला माझ्या हातात काही नव्हतं.

ती आली. तोंड धुतलेलं होतं, ओढणीने पुसत आली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती ताईजवळ खाली जमिनीवर बसली.

"आत्याआजी," ती म्हणाली, "अण्णा शेवटी काय म्हणाले?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं.

"स्तोत्र नाही म्हणाले बाई. स्तोत्रं तर वर्षापूर्वीच गेली होती." ताईचा आवाज बारीक झाला. "किती वाजले, म्हणाले."

"किती वाजले?"

"हां. सगळं विसरले, शेवटी शेवटी पोरांची नावं विसरले, पण घंटेची वेळ चुकू नये ही काळजी गेली नाही. दिवसभर चादरीचं टोक धरून ओढायचे. खाली ओढायचे आणि सोडायचे, ओढायचे आणि सोडायचे. त्या दिवशी पण. मला म्हणाले, किती वाजले. मी म्हटलं, साडेचार. म्हणाले, पाचची वाजवली पाहिजे, लोक वाट बघत असतील. मी म्हटलं, मी वाजवते, तुम्ही पडा. तर म्हणाले, दोरी ओली असती, हात जपून लाव. आणि चादर सोडली त्यांनी."

सुवार्ताने ताईचा हात धरला होता. "मग?"

"मग मी गेले आणि पाचची घंटा वाजवली. त्यांना सांगितलं होतं ना. मग परत येऊन डोळे मिटवले." ताईने पदराने नाक पुसलं. "अजून खूप आहे गं. सव्वादोन वर्षांचं आहे. हसायचं पण आहे. एकदा त्यांनी पाळकसाहेबांना केस कापायला बसवलं होतं."

सुवार्ता रडत होती आणि हसलीही. "सांगा. पहिल्यापासून सांगा."

माझा हात खिशाकडे गेला होता. साठ वर्षांची सवय. पेन काढलं, समोर टरफलांशेजारी एक जुना कागद पडला होता तो ओढला आणि मांडीवर धरला.

ताई बोलायची थांबली. तिने हात पुढे केला, माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि सुवार्ताच्या हातात दिलं.

"तू नको लिहू," ती मला म्हणाली. "तू नुसता ऐक."